हेमाताई आणि त्यांचा व्हीआय

कोलशेतच्या कारखान्यात मी संगणक विभागात रुजू झालो, त्या पहिल्याच सकाळी माझं टर्मिनल चिवचिवायला लागलं. काही केल्या धड अक्षर उमटेना, नुसतं पीं पीं. शेजारच्या टेबलावरून हेमाताई म्हात्रे उठून आल्या.

"अरे, हा व्हीआय आहे. आधी त्याला सांग, तू लिहायला आलायस की बघायला," असं म्हणत त्यांनी एक कळ दाबली आणि अक्षरं उमटू लागली. "झालं की कोलन. मग डब्ल्यू म्हणजे जतन, क्यू म्हणजे बाहेर."

त्या दिवसापासून मी त्यांचा शिष्य.

व्हीआय हा आमचा प्रोग्राम लिहिण्याचा एडिटर. ना माउस, ना मेनू. सगळा कारभार अक्षरांच्या कळांवर. एक ओळ खाली जायचं तरी 'जे' दाबायचा. ताईंचा त्यावर एवढा जीव का, असं मी एकदा विचारलं.

"आम्हाला शिकवायला कोणी नव्हतं रे. एकेक कळ चुकत चुकत कमावलीय. कमावलेलं टाकवत नाही."

नव्वदच्या दशकात नवे साहेब आले आणि त्यांच्याबरोबर माउसवाला एडिटर. सोमवारपासून व्हीआय काढून टाकायचा, असा हुकूम निघाला. साहेबांनी सर्वांसमोर ताईंनाच नव्या एडिटरवर बसवलं. ताईंनी मनापासून प्रयत्न केला. पण मजकुराखाली 'जे'ची लांबलचक रांग उमटली आणि शेवटी कोलन, डब्ल्यू, क्यू. खसखस पिकली.

"हे काय, बाई?"

"साहेब, हात माझं ऐकत नाहीत. नवा चांगलाय, ज्याला हवा त्याला मी शिकवीन. पण आम्ही लिहितो कमी, लिहिलेलं दुरुस्त जास्त करतो. त्याला आमचाच बरा. तेवढा राहू द्या."

साहेब हसू आवरत म्हणाले, "तुमचं ऐकत नाहीत, ते माझं काय ऐकणार? राहू दे."

ताईंनी शब्द पाळला. आमच्या विभागातल्या बाळकुमच्या सावंतांना नवा एडिटर शिकवायला त्या रोज जेवणाच्या सुट्टीत बसत. स्वतःचं काम मात्र व्हीआयवरच. निष्ठा आणि हट्ट यांतला फरक आम्ही तिथे शिकलो.

आज ताई साठ वर्षांच्या होत आहेत. त्यांच्या हाताखाली घडलो, हे सांगताना आमची मान ताठ होते. ताई, ठणठणीत राहा, शंभरी गाठा. आजवर तुमच्या बोटांनी डब्ल्यू आणि क्यू एका दमात दाबले. आता एवढंच ऐका: डब्ल्यू रोज दाबा, क्यूची घाई नको.