करडाच्या पोटातले पाच ठिपके

गेली सहा वर्षं मी शेळीच्या पिल्लांच्या शेपट्या उचलून पाहते आहे. लग्नकार्यात कोणी विचारलं, "सध्या काय चाललंय?" की मी हेच उत्तर देते, आणि समोरच्याच्या हातातली जिलबी ताटात कशी परत जाते ते मजेत बघते. खुलासा नंतर. मी सोलापुरातल्या एका कॉलेजात सूक्ष्मजीवशास्त्र शिकवते. करडू पाला खायला लागण्याआधी, नुसत्या दुधावर असतं तेव्हा, त्याच्या पोटात कोणते जिवाणू राहतात ते शोधणं हा माझा उद्योग. त्यात एखादा असा मिळावा, ज्याला अजून कोणी नाव दिलेलं नाही, ही हाव.

प्रत्यक्षात बर्फाचा डबा मांडीवर घेऊन एसटीनं सांगोल्याकडे जायचं, कापसाच्या काडीवर नमुना घ्यायचा, उन्हात परत यायचं, काचेच्या बशीत जिवाणू वाढवायचे, आणि महिन्याभरानं कळायचं की हा तर जुनाच गडी, केव्हाच सापडलेला. असं इतक्यांदा झालं की प्रत्येक बशीत मला ओळखीचेच चेहरे दिसायला लागले, पंगतीत दिसतात तसे. या काळात गुडघे गेले आणि चष्मा दोनदा बदलला.

मग एक सापडला. सांगोल्याजवळच्या एका बाईच्या शेळीचं आठ दिवसांचं करडू, त्याच्या पोटातला. त्याच्या जनुकाचा तुकडा पुण्याला तपासायला पाठवला, तर माहीत असलेल्या कुणाशीच तो जुळेना. मी स्टाफरूममध्ये खुर्चीवर चढून ही बातमी जाहीर केली. इंग्रजीच्या सरांनी पेपरातून डोकं न काढता विचारलं, "चावतो का?"

पण नवी जात नुसत्या कागदावर मान्य होत नाही. जिवंत जिवाणू दोन वेगवेगळ्या देशांतल्या संग्रहांत पोचवावा लागतो. आणि हा असला नाजूक, की हवा लागली की मरतो. गोठवून ठेवलेल्या कुप्यांपैकी एकाच कुपीतला पुन्हा वाढला. बशीत पाच पांढरे ठिपके, टाचणीच्या डोक्याएवढे, आणि ती बशी हवाबंद बरणीत. सहा वर्षांत हातात एवढंच होतं. दुसऱ्या दिवशी त्यांची रोपं करून, म्हणजे नव्या बश्यांत वाढवून, पाठवायची होती.

त्याच दुपारी त्या शेळीची मालकीण प्रयोगशाळेच्या दारात उभी. पुतणीच्या लग्नाचा बस्ता बांधायला सोलापुरात आली होती, सोबत जाऊ. माझ्याच वयाची. मी तिला अक्का म्हणते, ती मला बाई.

"बाई, माज्या करडाच्या पोटातलं कायतरी घावलंय म्हणं तुमाला. दावा की."

बरणीच्या काचेतूनही दाखवता आलं असतं. पण समोर दोन प्रेक्षक, इतक्या लांबून आलेले, आणि माझ्यासारखी बाई! दोनच मिनिटं, असं स्वतःला बजावून मी बरणी उघडली, बशी दिव्याखाली धरली आणि आवाज खाली आणून म्हटलं, "अक्का, हे जगात अजून कुणी पाहिलेलं नाही. अमेरिकेत नाही, जपानात नाही."

अक्का वाकली. "ह्ये?"

"हेच."

"येवढ्यासाटी चार खेपा घातल्या व्हय? मला वाटलं जंत-बिंत आसल, वळवळणारा."

जाऊ म्हणाली, "आमच्या शिळ्या भाकरीवर ह्येच्यापेक्षा मोटं येतंय की."

मग काय, मला चेव आला. नुकतं जन्मलेलं करडू म्हणजे ओसाड माळ, त्यावर आधी कोण पाल ठोकतो, मागून कोण येतो, कोण कुणाला हुसकावतो, सगळं हातवारे करून सांगितलं. चहा आला. दोघी खोखो हसल्या. घड्याळाकडे पाहिलं तेव्हा अर्धा तास होऊन गेला होता.

मला माहीत नव्हतं असं नाही. हवेत मरणाऱ्या जिवाणूंचा हाच धडा मी दर वर्षी पोरांना शिकवते. त्या गेल्यावर पाचही ठिपके नव्या बशीत लावले. आठवडाभर थांबले. काहीच उगवलं नाही. मी पंख्याखाली बसून राहिले. रडूही आलं नाही, इतकी दमले होते. पुन्हा नमुना घ्यावा, तर ते करडू एव्हाना बाभळीच्या शेंगा खात होतं. त्याच्या पोटातलं गावच बदललेलं.

शेवटी अक्काला फोन करून खरं सांगितलं.

"म्हंजे आमी बघितलं म्हणून मेलं?"

"नाही अक्का, मी दाखवलं म्हणून."

"तीच शेळी गाभण हाय. कळवती."

काही महिन्यांनी निरोप आला, "शेळी याली. दोन हायत." दुसऱ्याच दिवशी मी डबा घेऊन हजर. तर गोठ्याच्या दाराला जुनं लुगडं बांधलेलं.

"पाच दिस परक्यानं बघायचं न्हाय, बाई."

पाच दिवसांनी परीक्षा सुरू होणार होत्या, रजा मिळणार नव्हती. आणि तोवर करडांना हगवण लागून जिवाणू मारणारं औषध द्यावं लागलं तर सगळंच संपलं. मी हात जोडले. अक्कानं विचार केला.

"तुमी बगू नका. मी घेती. तुमी निस्तं सांगा."

मी डाळिंबाच्या झाडांकडे तोंड करून उभी राहिले आणि पाठीमागे सूचना सोडू लागले. "शेपटी वर! काडी जराशीच आत! फिरवा! आता नळीत, लगेच झाकण, लगेच!"

"वराडू नका, बाई. शेळी बुजती."

दुसऱ्या करडाच्या वेळी मी कुजबुजले.

त्यातल्या एकात तो निघाला. तोच, पुण्याहून खात्री करून घेतली. या वेळी आधी रोपं केली, दोन्हीकडे पाठवली, पोचल्याचं उत्तर आलं, आणि मग अक्काला फोन लावला. माझ्या आवाजात, खरं सांगते, आनंदापेक्षा थकवाच जास्त होता.

"बरं झालं," ती म्हणाली. "पर त्यो चांगला हाय का वाईट? त्येच्यानं करडं हगायची थांबतील का?"

"माहीत नाही, अक्का. ते कळायला अजून पुष्कळ करडं बघावी लागतील."

पलीकडून हसू आलं. "मग शेळ्यांस्नी सांगती, करडं द्यायची थांबू नका म्हणून. बाईंचं आजून व्हायचंय."