अर्धी दाढी, अर्धी गोळी

सलूनमध्ये खुर्च्या दोन, पण रांग लागायची ती एकाच खुर्चीसाठी. दुसरी मेहुण्याची. मेहुणा काही वाईट कारागीर नव्हता, पण पहिल्या खुर्चीमागच्या न्हाव्याचा वस्तरा गालावरून कधी फिरला तेच कळायचं नाही, म्हणून तर लोक त्याचं खरं नाव विसरून त्याला मखमल म्हणायला लागले होते.

तीन वर्षांपूर्वी मखमलच्या पोटाने दावा मांडला. मोठ्या आतड्याला सूज आहे, आत जखमा होतात म्हणून रक्त पडतं, असं डॉक्टरीणबाईंनी सांगितलं. हे दुखणं जन्माचा सोबती, गोळ्या रोज घ्यायच्या, बरं वाटलं तरी घ्यायच्या, हेही बजावलं. मखमलने ते अगदी मनावर घेतलं. बरं वाटताच गोळ्या कपाटात टाकून देणाऱ्यांतला तो नव्हताच. सकाळी दुकान उघडायच्या आधी आणि संध्याकाळी बंद केल्यावर गोळी म्हणजे गोळी.

तरी कळ यायचीच, आणि तीही नेमकी दाढी अर्धी झाल्यावर. वस्तरा खाली ठेवून मखमल मागच्या संडासाकडे धूम ठोकायचा आणि गिऱ्हाईक एका गालाला फेस घेऊन आरशात स्वतःकडे बघत बसायचं. असं दोनदा झालं की माणूस तिसऱ्यांदा गुपचूप मेहुण्याच्या खुर्चीत बसे. टिकून राहिले ते एक निवृत्त हेडमास्तर. दर शनिवारी येताना ते वर्तमानपत्र घेऊन येत.

"पळ तू," ते म्हणायचे, "माझा तेवढ्यात अग्रलेख वाचून होतो."

शेवटी डॉक्टरीणबाईंनी गोळ्यांपुढे हात टेकले. पुढच्या तपासणीला आलात की जालीम इंजेक्शनांचं ठरवू, आणि त्यांनीही भागलं नाही तर आतडंच काढावं लागेल, असं त्या म्हणाल्या. आतड्याचं जाऊ दे, आपली खुर्ची जाणार, एवढंच मखमलला दिसलं. तीस वर्षं उभं राहून कमावलेली ती एकच गोष्ट होती.

तपासणीच्या दिवशी बायको सोबत होती. आत जाण्याआधी सिस्टर कागद भरून घेत होत्या.

"गोळ्या नियमित घेता?"

"सिस्टर, एक वेळ सूर्य उगवायचा विसरेल," बायको म्हणाली, "पण हे गोळी विसरायचे नाहीत."

"छान. सकाळची घेतली?"

"इथं यायच्या गडबडीत राहिलीय," मखमल ओशाळून म्हणाला. "सोबत आणलीय."

"मग माझ्यासमोरच घ्या." त्यांनी पाण्याचा पेला पुढे केला.

मखमलने खिशातून डबी काढली. डबीत गोळ्या होत्या आणि कागदात गुंडाळलेलं पात्याचं टोक. डबीच्या झाकणावर गोळी ठेवून त्याने एकाच दाबात तिचे दोन तुकडे केले. दोन्ही अगदी सारखे, एक कण सांडला नाही. बायकोने कौतुकाने सिस्टरकडे पाहिलं. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

"दादा, रोज अशीच घेता?"

"पहिल्या दिवसापासून. केवढी मोठी आहे, अख्खी घशात अडकते."

सिस्टरनी पेन खाली ठेवलं. "या गोळीला वरून कवच असतं. ते जठरात विरघळत नाही, पार खाली आतड्यात गेल्यावर उघडतं. तुम्ही ते कापता, म्हणजे औषध वरच्यावरच संपतं. जखमेपर्यंत पोचतच नाही."

मखमलला रागही आला आणि रडूही. तीन वर्षांचा नेम असा पाण्यात गेला होता. "हे मला कुणी सांगितलं नाही हो!"

"नाही सांगितलं," सिस्टर म्हणाल्या. "चूक आमचीच. घ्या म्हणालो, कशी घेता ते विचारलंच नाही. आता अख्खी घ्या. मान मागे टाकू नका, हनुवटी जरा खाली, आणि भरपूर पाणी."

तीस वर्षं जगाला "हनुवटी वर" म्हणत आलेल्या माणसाने निमूटपणे हनुवटी खाली केली. दुसरी गोळी अख्खी गेली. डॉक्टरीणबाईंनी सगळं ऐकून इंजेक्शनं दोन महिने पुढे ढकलली. हमी मात्र दिली नाही, उगाच देणाऱ्यांतल्या त्या नव्हत्या.

पहिले तीन आठवडे काहीच फरक नव्हता. बायको रोज तोंडाकडे बघायची आणि विचारायची नाही. चौथ्या आठवड्यात रक्त थांबलं. सातव्यात तपासणीचा कागद आला, सूज उतरली होती. इंजेक्शनांचं नाव निघालं नाही. गोळ्या मात्र चालूच राहणार होत्या, अख्ख्या.

त्या शनिवारी हेडमास्तर खुर्चीत बसले. मखमलने डावा गाल केला, उजवा केला, मिशीखालचं उरलंसुरलं साफ केलं आणि टॉवेलने तोंड पुसलं. हेडमास्तरांनी आरशात पाहिलं. मग मांडीवर पाहिलं. वर्तमानपत्राची घडी तशीच होती.

"अरे मखमल, माझा अग्रलेख राहिला की!"

मखमलला हसू आलं आणि हसता हसता डोळे भरून आले. ते पुसायला त्याने हेडमास्तरांचाच टॉवेल घेतला.

"आता घरी जाऊन वाचा, सर."