बस सोडून देणाऱ्या दोघी

हौसा गेल्याचं मला तिच्या सुनेनं जिन्यातच सांगितलं. मी खाली निघाले होते, पायात चपला, हातात शेंगांची पुडी. "काकू, आई गेल्या. सकाळी चहा ओतून दिला, तो तसाच..." एवढंच म्हणाली. मी विचारलं, "म्हणजे आज स्टॉपवर यायची नाही?" पंचाहत्तरी उलटलेली बाई, आणि प्रश्न हा.

तीस वर्षांपूर्वी आम्ही पेठेतून बिबवेवाडीत राहायला आलो, तेव्हा मी स्वतःला फार शहाणी समजायची. नाक इतकं वर, की पायरी दिसायची नाही. आणि पायरीवर नेमकी ही शेजारीण बसलेली, शेंगा सोलत, येणाऱ्याजाणाऱ्याची चौकशी करत. मला ते गावंढळ वाटे. तोंडावर बोलायची छाती नव्हती, म्हणून वळणदार अक्षरात पाटी लिहून लावली : 'जिना चढण्या-उतरण्यासाठी आहे. गप्पांसाठी कोपऱ्यावर बसथांबा आहे.' खाली नाव नाही. शूर बाई!

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी दारावर थाप. हौसा, हातात शेंगांची परडी. "वैनी, चला की स्टॉपवर. तिथं एकटी कुणाशी बोलू?" इमारतीत एवढं देखणं आणि एवढं खवचट कोण लिहिणार, हे तिनं बरोबर ओळखलं होतं.

गेले, आणि जातच राहिले. त्या पत्र्याच्या बाकाइतकं सुख मला या शहरात दुसरीकडे मिळालं नाही. हेल्मेट हँडलला लटकवून येणारे आणि चौक दिसला की लगबगीनं डोक्यावर चढवणारे एक गृहस्थ होते; ते नाही दिसले तर आम्हाला काळजी वाटायची. अर्ध्या रस्त्यात थांबून भांडणारं एक जोडपं होतं. बस आली की आम्ही दोघी एकदम हात हलवून तिला पुढं घालवायचो. नवा ड्रायव्हर चिडायचा, जुने हसायचे.

हौसाचं माहेर वाघोलीचं. शेत कधीच गेलं, पण लहानपणी ती जिच्यात पोहायला शिकली ती विहीर अजून आहे, असं तिला कुणीतरी सांगितलं होतं. तेव्हापासून वाघोलीची बस आली की तिचा हात अर्ध्यावर थांबायचा. एकदा म्हणाली, "वैनी, बसू या का? हीर बघू आन् माघारी येऊ."

मी म्हटलं, "बिल्डरनं तुमच्यासाठी राखलीय होय हीर? इमारतीच बघायच्या, तर इथं काय कमी हायेत?" तिच्या बोलण्याची नक्कल मला झकास जमायची. ती हसली. मग तिनंच हात हलवून बस घालवली. पुन्हा विचारलं नाही.

पाटी लिहिणाऱ्या त्या बाईला मी तीस वर्षं हसत आले. वाटायचं, संपली ती... कुठली संपतेय.

आता मी एकटीच जाते. बाकाच्या कडेला बसते, तिची जागा सोडून. वाघोलीची बस येते. हात काही उचलवत नाही माझ्याच्यानं, त्यामुळे ती थांबते, दार उघडतं. परवा जुना ड्रायव्हर म्हणाला, "आजी, येताय का आज?" चढले असते. पण विहीर नेमकी कुठं, हे सुनेला ठाऊक नाही, आणि मी हौसाला कधी विचारलंच नाही.