अक्काचा अंगठा

नव्वदच्या दशकात मी धुळ्याहून बदली होऊन चोपड्याला एकटी राहत होते. काम दवाखान्याच्या प्रयोगशाळेत. सातपुड्याच्या पायथ्याच्या गावांत हिवतापाच्या गोळ्या घेऊनही काहींचा ताप उलटत होता. औषध लागू पडत नाही, की लोक ते घेतच नाहीत, हे ठरवायला रक्त मुंबईला पाठवायचं होतं. बाटलीतलं रक्त उन्हाळ्यात एसटीत टिकलं नसतं. म्हणून टिपकागदावर थेंब घ्यायचा, वाळवायचा आणि पाकिटात घालून पोस्टात टाकायचा. तिकडे मास स्पेक्ट्रोमीटर नावाचं मशीन त्या वाळल्या ठिपक्यातलं औषध रेणूंच्या वजनावरून ओळखून मोजायचं.

त्यातल्याच एका गावातल्या म्हाताऱ्या अक्काचा ताप पुन्हा उलटला. डॉक्टर म्हणाले, "कडू गोळ्या. थुंकत असेल. रिपोर्ट आल्याशिवाय औषध बदलणार नाही."

मी गावात जाऊन अक्काला तसंच सांगितलं. मुलगा धरणगावला कापसाच्या जिनिंगमध्ये कामाला, ही घोंगडीत पडलेली.

"बठ्ठ्या, एकूणएक गोया खाद्यात मी," ती म्हणाली. "आठे मी एकली शे. खोटं कोनले सांगू?"

तिची बोटं राठ, म्हणून अंगठा टोचला. थेंब वर आला आणि मी हात धरायच्या आत तिने अंगठा कागदावर दाबला. जन्मभर पुढे आलेल्या प्रत्येक कागदावर तिने तेच केलं होतं. रक्त फासलं गेलं की मोजमाप चुकतं. परत टोचावं लागलं.

"या वेळी दाबायचं नाही, अक्का. थेंब आपोआप पडू द्या."

"अंगठा नई दिधा ते मानतीन का त्या दवाखानाना लोक?"

कागद मी खोलीत दोरीवर वाळत घातला. मुंग्या लागू नयेत म्हणून त्याच्याशेजारीच बसून जेवले. त्या खोलीत माझ्याखेरीज माणसाचं म्हणावं असं तेवढंच होतं.

रिपोर्ट यायला बरेच आठवडे गेले. रक्तात औषध पुरेसं होतं, तरी ताप हटला नव्हता. डॉक्टरांनी दुसऱ्या गोळ्या लिहून दिल्या. त्या घेऊन मी गेले.

"अक्का, तुम्ही गोळ्या घेतल्या होत्या. मशीनने सांगितलं."

"माले माहीत व्हतं. मशीनले इचारानं काय काम व्हतं?"

तिने पाण्यासोबत गोळी गिळली, तोंड वाकडं केलं आणि मग चुलीवर कोरा चहा ठेवला.

"तुन्हा घर कोन शे?"

"कोणी नाही."

"मंग बस. एस्टी संध्याकायले शे."

मी बसले.