पाचवं तीर्थ

अण्णांना, म्हणजे माझ्या वडिलांना, देवापेक्षा देवाच्या पत्त्यात जास्त रस. गणपतीपुळ्याला गेलो की आई आणि मी दर्शनाच्या रांगेत, आणि हे डोंगराला प्रदक्षिणा घालताना पावलं मोजतायत. हेदवीला देवळात पाच मिनिटं, आणि बाहेर येऊन उन्हात होकायंत्र धरून अर्धा तास. शाळेत भूगोल शिकवायचे. निवृत्त झाले तरी तो अंगातून गेला नाही.

आईच्या माहेराहून एक हस्तलिखित पोथी आली होती. तांबड्या फडक्यात बांधलेली, कडा कसरीने खाल्लेल्या. परशुरामाने समुद्र हटवून ही भूमी काढली आणि दमून आमच्या खाडीच्या काठी पाच ठिकाणी टेकला, त्या पाच तीर्थांचं माहात्म्य त्यात होतं. खाडी कुठली ते मी सांगणार नाही. का नाही, ते पुढे कळेलच.

अण्णांचं म्हणणं असं, की पुराणातल्या गोष्टीवर हवं तर विश्वास ठेवू नका, पण अंतरावर ठेवा. ज्याने लिहिलं तो ही वाट पायाखालून घालून आला होता. यावर त्यांची श्रद्धा होती, अगदी संध्येइतकी. खाडीच्या मुखापाशी लाटा फुटतात तो खडक, देवळाखालचा झरा, पिंपळाचा पार, दोन वहाळ, म्हणजे ओढे, मिळतात ती जागा, अशी चार तीर्थं त्यांनी शोधून काढली. पारावर आता एसटीचा थांबा आहे. अण्णा तिथे चपला काढून उभे राहायचे, आणि गाडीची वाट बघणारे लोक माझ्याकडे बघायचे. मला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं.

पाचवं तेवढं सापडेना. पोथीत लिहिलं होतं, खाडीच्या उजव्या अंगास अर्ध्या कोसावर, सड्याच्या कातळात, म्हणजे डोंगरमाथ्यावरच्या सपाट उघड्या खडकात, सात पायऱ्यांचं कुंड, वैशाखातही न आटणारं. चार जागांना झाड, देऊळ, खडक अशी काहीतरी खूण होती. याला फक्त उजवा हात आणि अंतर. आता नदीचा उजवा तीर कसा ठरवायचा? पाणी वाहतं तिकडे तोंड करायचं, उजव्या हाताला येतो तो उजवा. हे भूगोलाच्या पुस्तकात असतं आणि अण्णांनी हजारो पोरांकडून ते घोकून घेतलं होतं. त्यामुळे समुद्राकडे तोंड करून उजवी, म्हणजे उत्तरेकडची बाजू. तो सडा त्यांनी वर्षानुवर्षं पालथा घातला. आई गेल्यावर सोबतीला मी. मी लग्न केलं नाही, बँकेला रविवारी सुट्टी, म्हणजे मी मोकळीच, असा घरात समज होता.

मधे एकदा दक्षिणेकडच्या सड्यावर चिरेखाण निघायची ठरली. तिथल्या वाडीतले लोक अण्णांकडे आले. म्हणाले, आमच्या बायका वर्षातून एकदा तिथल्या पाण्यात फुलं सोडतात, जागा देवाची आहे, तुम्ही जाणते आहात, तसं लिहून द्या. अण्णांनी पोथी उघडली, पुन्हा वाचली आणि म्हणाले, "ढोरांच्या पाणवठ्याला तीर्थ म्हणायला मी तयार नाही. शास्त्रात जे नाही ते नाही." मग ग्रामपंचायतीने विचारलं, तेव्हा त्यांनी तसं पत्र दिलं. दक्षिणेकडच्या सड्यावर कुठल्याही प्राचीन स्थानाचा उल्लेख नाही, खाली सही. वाडीतले लोक जायला उठले तेव्हा त्यांना चहा देखील विचारला नाही, हे मला तेव्हाही खटकलं होतं. जागा एकदा बघून यावी, असं मात्र आम्हा दोघांपैकी कुणालाच वाटलं नाही.

दोन वर्षांपूर्वी, नोव्हेंबरात, एक म्हातारे तांडेल हयातीच्या दाखल्यासाठी बँकेत आले. जन्म गलबतावर गेलेला. बोटांचे ठसे यंत्रावर उमटेनात, म्हणून वेळ काढायला मी त्यांना आमच्या खाडीबद्दल विचारलं. ते बोलत होते त्यात उजव्या बाजूला म्हणून जे जे येत होतं, ते सगळं दक्षिणेकडचं. मी म्हटलं, "आजोबा, ती तर डावी बाजू."

"डावी कशी गो बाय? दर्यातनं येनारा मानूस काय पाठ करून खाडीत शिरतो? आत शिरताना उजव्या हाताला येल तो उजवा."

यंत्राने ठसा घेतला, ते गेले, आणि मी पोथीतला क्रम पुन्हा आठवायला लागले. पोथीतलं पहिलं तीर्थ मुखापाशी होतं, दुसरं आत, तिसरं त्याच्याही आत. सुरुवातीलाच लिहिलं होतं की यात्रेकरूंनी नावेतून उतरावं. आम्ही ते शंभर वेळा वाचलं होतं.

दुसऱ्या दिवशी रजा टाकून मी स्कूटरवरून पूल ओलांडला. खाण बंद पडलेली. चिरे कापून उभ्या राहिलेल्या तांबड्या भिंती, त्यांवर पात्याच्या रेघा, खाली हिरवं पाणी. राखणदार कुठल्याशा गावाहून येऊन इथेच राहिलेला. त्याला विचारलं, इथे आधी काही होतं का.

"होतं ना ताई. पायऱ्या होत्या. मे महिन्यातबी पाणी असायचं. लोक आडवे पडले होते मशीनपुढं. मग मालकानं कुण्या मास्तराचं पत्र दाखवलं. मास्तर लई शिकलेला, म्हणून लोक गप बसले."

"किती पायऱ्या?"

"सहा-सात असतील. चांगला दगड निघाला त्याचा."

मी घरी आले आणि भात लावला. दुसरं काय करणार होते?

अण्णांची नजर तोवर काचबिंदूने गेल्यातच जमा होती. तरी रविवारी उत्तरेकडच्या सड्यावर न्यायला लावायचे. काठीने कातळ ठोकून पोकळ वाजतो का बघायचे. मी हात धरून चालायचे, आज सांगू, उद्या सांगू करत. एकदा तोंड उघडलं देखील, तर ते म्हणाले, "थांब, इथे आवाज वेगळा येतोय." तो वेगळा नव्हता. मी गप्प बसले ती बसलेच.

मग एका रविवारी ते चपला घालून तयार झालेच नाहीत. खुर्चीत बसून होते. म्हणाले, "पोथी लिहिणारा हा मनुष्य इथे आलाच नव्हता गो. घरी बसून रचलंन सगळं. आणि मी मूर्ख." दुसऱ्या दिवसापासून संध्या बंद. शेजारी म्हणायचे, वय झालं, व्हायचंच. मला माहीत होतं की हे वय नाही. त्यांच्या हातातली एकच गोष्ट त्यांनी खोटी म्हणून टाकून दिली होती, आणि ती खरी होती. ते मी एका वाक्यात त्यांना परत देऊ शकत होते. पण त्याच वाक्यात ते पत्रही आलं असतं. पोथीवाला खोटा ठरला तर अण्णा दुःखी, आणि खरा ठरला तर अण्णा गुन्हेगार. माझा मी निर्णय केला. त्याचा मला अभिमान वगैरे नाही.

मे महिन्यात ते म्हणाले, पोथी पाण्यात सोडायची. जीर्ण पोथी वाहत्या पाण्यात सोडायची आमच्याकडे रीत आहे, त्यामुळे अडवायला कारण नव्हतं. आधी झेरॉक्स काढावी असं मनात आलं. बाजारात दुकानाच्या दारापर्यंत गेले आणि परत फिरले. प्रत राहिली असती तर कधीतरी कुणीतरी ती नीट वाचली असती, नावेतून आत शिरला असता आणि उजवीकडे वळला असता. मग ते पत्र कुणाचं, हेही निघालं असतं.

भरती ओसरायला लागल्यावर रिक्षाने अण्णांना धक्क्यावर नेलं. ते दगडावर बसले, मी खालच्या पायरीवर उतरले. फडकं सोडलं. पानं आधी एकत्र तरंगली, मग सुटी झाली आणि पाण्याबरोबर मुखाकडे निघाली. शाई लगेच फुटली. पाणी माझ्या घोट्यांना गार लागत होतं.

"गेली का?" अण्णांनी विचारलं.

"गेली."

त्यांनी काठी शेजारी आडवी ठेवली. मग म्हणाले, "तू माझ्याबरोबर सगळीकडे हिंडलीस. तू सांग. खोटंच होतं ना गो ते?"

त्यांना दिसत नव्हतं, तरी मी त्यांच्याकडे पाठ केली आणि म्हणाले, "हो अण्णा. खोटंच होतं."