माझ्या उजव्या खांद्यापलीकडे

आधीच सांगतो, भुतंखेतं, करणी, वास्तुदोष यातलं मी काहीही मानत नाही. असले अनुभव मी वाचतो ते जेवताना तोंडी लावायला... आणि बहुतेक वेळा बायकोला वाचून दाखवून हसतो. मी बोम्मसंद्र्याला एका कारखान्यात क्वालिटी विभागात आहे. समोर आलेल्या पार्टमध्ये खोट कुठे आहे आणि ती का आली, हे शोधणं माझं काम. 'का' सापडेपर्यंत मला चैन पडत नाही. म्हणूनच हे लिहितोय.

आम्ही बनशंकरीत राहतो. वडील सांगलीहून इथे कन्नड मुलखात, एका सरकारी कारखान्यात इंजिनियर म्हणून आले, मी इथेच वाढलो. वडील जाऊन बरीच वर्षं झाली. आता घरात मी, आई आणि बायको मेधा. मेधा शाळेत गणित शिकवते. माझं व्यसन एकच — फोटोग्राफी.

रविवारी सकाळी आमचा ग्रुप इथल्या लालबागेत फिरतो आणि मग जयनगरच्या एका दर्शिनीत, उभ्याउभ्या इडली-वडा आणि दोघांत एक अशी बाय-टू कॉफी घेत भांडतो. कुठली कंपनी कॅमेऱ्याची पुढची बॉडी कधी आणणार, लीक झालेले फोटो खरे की खोटे, आरशाचे जुने कॅमेरे मेले की अजून धुगधुगी आहे, सेकंडहँड लेन्स घेताना बुरशी कशी ओळखायची... कंपन्यांची नावं मुद्दाम घेत नाही. नाहीतर अनुभव राहील बाजूला आणि खाली प्रतिसादांत लाल कंपनीवाले विरुद्ध पिवळ्या कंपनीवाले असं युद्ध पेटेल. मी पिवळ्यांतला. एवढं पुरे.

आमच्या ग्रुपमध्ये रघुअण्णा आहेत. बँकेत नोकरी, माझ्यापेक्षा वयाने मोठे. त्यांचं घराणं इथलं जुनं मराठी — इतकं जुनं की मूळ गाव कुठलं ते घरात कुणालाच सांगता येत नाही. त्यांच्या मराठीत निम्मं कन्नड असतं. आणि माणसांचे फोटो असे काढतात की बघत राहावं. समोरचा माणूस त्यांच्या कॅमेऱ्यासमोर फुलतो. मी काढला की तोच माणूस आधार कार्डाला बसल्यासारखा दिसतो.

बरं, कॅमेरा दोघांचा एकच. तीच कंपनी, तेच मॉडेल. त्यामुळे मला सबबसुद्धा नव्हती.

एका बारशाला अण्णांनी मेधाचा फोटो काढला. दुसऱ्या दिवशी तो तिचा डीपी झाला. लग्नापासून मी तिचे किती फोटो काढले असतील याचा हिशेब नाही, पण माझा एकही कधी डीपी झाला नव्हता.  तिचा फोन आला की स्क्रीनवर तो फोटो यायचा, आणि 'हॅलो' म्हणायच्या आधी मी त्यात खोट शोधायचो.

शोधून शोधून आमच्यात मला एकच फरक सापडला. अण्णांकडे एक ८५ची, म्हणजे ८५ मिलिमीटरची, पोर्ट्रेट लेन्स होती. कंपनीने आता बंद केलेली, जड, जुन्या पद्धतीची. मी स्वतःला पटवलं की जे काही आहे ते त्या काचेत आहे. अण्णांच्या हातात काही नाही.

आणि एका रविवारी अण्णांनी बाँब टाकला. "मी आता लाल पार्टीत चाललो रे. नवीन बिनआरशाची, मिररलेस बुक केली. जुनं सगळं काढतोय."

दर्शिनीत गदारोळ. कुणी गद्दार म्हणालं, कुणी म्हणालं थांबा, पिवळ्यांचीही नवी बॉडी येतेय. मी मात्र अण्णांचा दंड धरून त्यांना हात धुवायच्या बेसिनपाशी नेलं.

"अण्णा, ती ८५ दुसऱ्या कुणाला देऊ नका."

ते हसले. "सरी, तूच घे की. घरात राहिल्यासारखी राहील."

लेन्स घरी आली त्या शनिवारी सकाळी मी मेधाला बाल्कनीत बसवलं. मी आत, हॉलमध्ये उभा. तिथे उजव्या हाताला भिंत आहे, माझा खांदा तिला जवळजवळ टेकतो. मेधा केस पुसत होती, शाळेला सुट्टी होती, मूड चांगला होता. मी काही फोटो काढले आणि लॅपटॉपवर उघडले.

फोटो अप्रतिम होते. मेधा हसत होती. कॅमेऱ्यासाठी हसतात तसं नव्हे... दार उघडावं आणि ज्याची आशा सोडली होती तो माणूस समोर उभा असावा, तसं हसू. डोळ्यांत पाणी येण्याच्या आधीची चमक. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण ते हसू मी कधी पाहिलं नव्हतं.

फक्त ती माझ्याकडे बघत नव्हती. कॅमेऱ्याच्या किंचित उजवीकडे, माझ्या खांद्याच्या वर. तिथे कुणी उभं असेल तर माझ्याहून वीतभर उंच असेल, अशा ठिकाणी. प्रत्येक फोटोत.

"तू कुठे बघत होतीस?"

"लेन्समध्ये. तूच सांगितलंस ना?"

"आणि हसत का होतीस एवढी?"

"हसत होते?" तिने स्क्रीनकडे बघितलं. जरा वेळ बघतच राहिली. "छान आलेत रे. मला तर वाटलं मी नेहमीसारखीच बसलेय."

मी पुन्हा बसवलं. या वेळी व्ह्यूफाइंडरमधून तिचे डोळे नीट पाहिले. ते सरळ लेन्समध्ये होते, शपथेवर सांगतो. मी बटण दाबलं. फोटोत ते खांद्यापलीकडे. तिथे भिंत होती. भिंतीवर कॅलेंडरसुद्धा नाही.

मग मी जे रोज करतो ते केलं, तपासणी. भिंतीवर चार्ट लावून लेन्स तपासली, फोकस तपासला, दुसऱ्या लेन्सने तेच फोटो काढले. दुसऱ्या लेन्सने मेधा सरळ बघत होती, आधार कार्डासारखी. लेन्समध्ये दोष असला तर चित्र धूसर होतं, तिरकं होतं, रंग फाटतात. माणसाची बुबुळं फिरत नाहीत.

आईचा फोटो काढला, स्वयंपाकघरात. तेच हसू. नजर तिथेच. आईच्या बाबतीत क्षणभर बाबा मनात आले, नाही म्हणत नाही. पण बाबा माझ्याहून बुटके होते. आणि नंतर मी खाली कोपऱ्यावरच्या इस्त्रीवाल्या मंजुनाथचा काढला. तो दोन वर्षांपूर्वी इथे आला, त्याने बाबांना पाहिलंही नव्हतं. मंजुनाथ एरवी कपाळावर आठी घालूनच असतो. फोटोत तोसुद्धा हातातली इस्त्री विसरून, माझ्या खांद्यावरून कुणाकडे तरी बघून विरघळला होता.

"यारन्ना नोडतायिद्री?" मी विचारलं. कुणाकडे बघत होता?

"तुमच्याकडेच की सार," तो कन्नडमध्येच म्हणाला आणि पुन्हा आठी घातली.

रविवारी मी ते फोटो ग्रुपला दाखवले. कॉफी थंड झाली तरी कुणी गेलं नाही. इतकी वर्षं ज्याची वाट बघितली ते सगळं त्या दिवशी ऐकायला मिळालं. "काय एक्स्प्रेशन काढलंस!" "लेन्सकडे न बघता, एकदम कँडिड!" अण्णांनी माझा फोन हातात घेतला आणि मंजुनाथचा फोटो मोठा करून बघत राहिले.

"गुरू," ते हळूच म्हणाले, "मी ही लेन्स इतकी वर्षं वापरली. असा एक फोटो मला नाही मिळाला. चूकच झाली बघ माझी."

त्यांच्या आवाजातली जळजळ मला लगेच ओळखू आली. माझ्याच घरची होती ती. मला आनंद व्हायला हवा होता... झाला नाही. कारण ते हसू मी काढलेलं नव्हतं. ते माझ्यासाठी नव्हतंच.

घरी आलो तर मेधाने डीपी बदलला होता. माझा फोटो लावला होता. आता तिचा फोन आला की स्क्रीनवर ती यायची — मला ओलांडून दुसऱ्याच कुणाकडे बघून हसणारी. मी फोन उलटा ठेवायला लागलो. ती भाजी चिरत असली, वह्या तपासत असली, तरी मी तिच्या तोंडाकडे बघत बसायचो, ते हसू येतंय का म्हणून.

"काय बघतोस सारखा?"

"काही नाही."

मनात नको ते येऊन गेलं. अण्णांबद्दलही. पण अण्णा माझ्या कानापर्यंत येतात, आणि शंका कुणाबद्दल घ्यायची? तिच्याबरोबर माझी सत्तरीची आई आणि इस्त्रीवालाही त्याच जागेकडे बघत होते!

शेवटी अण्णांना घरी बोलावलं आणि सगळं सांगितलं. ते हसले नाहीत. लेन्स नवीच घेतली होती म्हणाले, जयनगरच्या दुकानातून, सीलबंद डब्यातून. म्हणजे आधीचा मालक वगैरे प्रकार नाही. मग ते म्हणाले, "स्वल्प थांब," आणि माझाच कॅमेरा, तीच लेन्स घेऊन, हॉलमध्ये माझ्याच जागेवर उभे राहिले. मेधाचे आणि माझे फोटो काढले.

दोघंही सरळ लेन्समध्ये बघत होतो. चांगले फोटो, अण्णा काढतात तसे. ते हसू नाही.

"आता तू काढ माझा," अण्णा म्हणाले.

मी काढला. अण्णांनी स्वतःचा चेहरा स्क्रीनवर पाहिला, माझ्या खांद्याशेजारच्या भिंतीकडे पाहिलं, आणि चपला घातल्या. मेधा "चहा ठेवलाय हो अण्णा" म्हणत होती, तरी थांबले नाहीत.

पुढच्या सुट्टीच्या दिवशी मेधा आईला घेऊन देवळात गेली होती. घरात मी एकटा. कॅमेरा ट्रायपॉडवर लावला, टायमर लावला आणि स्वतः बाल्कनीत जाऊन बसलो. समोर रिकामा हॉल. मी लेन्सच्या काळ्या गोलाकडे टक लावून बघत होतो, हसायचं नाही असं ठरवून. तोंड घट्ट मिटलं होतं — मला अजून जबड्याचा ताण आठवतो. क्लिक झालं.

स्क्रीनवर मी हसत होतो.

शाळेच्या ग्रुप फोटोपासून लग्नाच्या अल्बमपर्यंत मी कुठल्याही फोटोत हसलेला नाही. या फोटोत माझं तोंड उघडं होतं, डोळे ओले होते, मान किंचित वर. उजवीकडे, ट्रायपॉडच्या बाजूला, उंचावर. मी कुणाला तरी ओळखलं होतं. आणि कॅमेऱ्याशेजारी उभा राहून मी तो फोटो बघत होतो, तर मला त्या माणसाचं काहीही आठवत नव्हतं. भीती वाटली का? नाही. खरं सांगतो, मला त्या फोटोतल्या स्वतःचाच हेवा वाटला. त्याला दिसलं होतं.

मागे किल्लीचा आवाज झाला. मेधा येऊन माझ्यामागे उभी राहिली होती. आई आत गेली. मेधाने फोटो पाहिला. तिचा चेहरा हळूहळू बदलत गेला.

"कोण आहे?" तिने विचारलं.

"कुणी नाही. टायमरवर काढलाय."

"शिरीष, तू असा माझ्याकडे कधी बघितला नाहीस. लग्नातसुद्धा नाही." तिचा आवाज फाटला. "कोण आहे ती?"

'ती' म्हणाली. मी इतके दिवस 'तो' म्हणत होतो.

त्या दिवशी आमचं जे भांडण झालं ते लिहीत नाही. आई दोनदा मध्ये पडली. एक क्षण असा आला की दोघंही ओरडायचे थांबलो, कारण दोघांच्याही लक्षात आलं की आपण एकमेकांवर एकच आरोप करतोय आणि दोघांकडेही द्यायला नाव नाही.

लेन्स मी अण्णांकडे ठेवून आलो. त्यांनी अडॅप्टर लावून ती नव्या कॅमेऱ्यावर चढवली आहे आणि सर्रास वापरतात. त्यांच्या फोटोत लोक सरळ बघतात. ग्रुपमधल्या इतरांनीही लावून बघितली, काही नाही. मला हातात घ्यायला कुणी सांगत नाही आणि मीही मागत नाही. एका ऑप्टिक्सवाल्या मित्राला विचारलं, तो म्हणाला नजरेचा भास असेल. मग मी त्याला दोन फोटो पाठवले, एक मेधाचा, एक माझा.

बाकीचे फोटो मी काढून टाकले. ते दोन मात्र मेधाने प्रिंट करून आणले, तिचा आणि माझा.  परवा दुपारी ती ते जेवणाच्या टेबलावर शेजारी शेजारी ठेवून बघत होती. कधी एक आधी, कधी दुसरा. पण कसेही ठेवले तरी दोघं एकमेकांकडे बघत नाहीत. दोघांची नजर उजवीकडे, एकाच उंचीवर, एकाच ठिकाणी.

तिने मला हाक मारली आणि पट्टी दाखवली. दोघांची नजर कुठे जाते ते तिने मोजलं होतं. गणिताची बाई शेवटी.

"एकच आहे," ती म्हणाली. "निदान आपण दोघं एकाच माणसाकडे बघतोय."

मग आम्ही जेवलो. कोण, ते तिला माहीत नाही, मलाही नाही. वाचकांपैकी कुणाकडे याचा 'का' असेल तर जरूर सांगा. फक्त, तो दोष लेन्सचा होता असं सांगू नका. ते मी तपासलंय.