पाच देशांचे उपग्रह आणि एक उकिरडा

भाचीच्या साखरपुड्याला आलेली नवऱ्याकडची मंडळी मी उकिरड्यावर उतरवली.

दोष उपग्रहांचा नव्हता. ताईचं गाव टाकवे बुद्रुक, कार्यालय गावाबाहेर शेतात, आणि मंडळी यायची साताऱ्याकडून. त्यात मुलाचे वडील मानापानाला कडक. "वाटेत चुकले, तर जुळलेलं मोडेल रे!" ताई धास्तावली होती.

"काळजी सोड!" मी लोणावळ्यात घेतलेला नवा फोन उंच धरला. "जुना फोन एकट्या अमेरिकेचे उपग्रह बघायचा. आपल्याकडे निम्मे डोंगराआडच राहायचे. हा अमेरिकेचे, रशियाचे, युरोपचे, चीनचे आणि आपलेही धरतो. जितके जास्त, तितकी चूक कमी!"

"पाच देश कशाला? फाट्यावर एक माणूस उभा कर की!"

(विज्ञानाला विरोध घरातूनच होतो, तो असा.)

आदल्या दिवशी मी लोकेशन घ्यायला गेलो. फोनला जागेची जितकी शंका, तितकं नकाशावरचं वर्तुळ मोठं. कार्यालयाच्या पत्र्याखाली ते भाकरीएवढं! दारात आलो, पुरीएवढं झालं. मागच्या शेतात गेलो, पेढ्याएवढं. आता माघार कसली? आभाळ अजून मोकळं मिळावं म्हणून तिथल्या एकुलत्या एक उंचवट्यावर चढलो, आणि पाचही देश एकदम हजर! वर्तुळ वाटाण्याएवढं! मी तिथूनच लोकेशन पाठवलं. खाली लिहिलं, 'अगदी अचूक आहे. तिथून एक पाऊलही हलू नका.'

उंचवटा कशाचा होता, ते वासावरून कळायला हवं होतं. (सर्दी होती!)

दुसऱ्या दिवशी मुहूर्त जवळ आला. ताई ओवाळायचं ताट घेऊन दारात. मुलाच्या वडिलांचा फोन आला, "आम्ही पोचलोय. घ्यायला कुणी येणार की नाही?"

"आम्ही दारातच उभे आहोत!"

"कुठलं दार? इथं दारच नाही!"

"जरा पुढं येऊन बघा ना."

"एक पाऊलही हलू नका, हे तुम्हीच लिहिलंय!"

सनई त्यांना ऐकू येत होती. पण सामोरं येऊन कुणी नेल्याशिवाय व्याही पाऊल उचलतो होय? तेवढ्यात फोनमध्ये कोंबडा आरवला, आणि तोच कोंबडा मला कार्यालयाच्या मागूनही ऐकू आला.

धावलो. उकिरड्यावर नवरदेव, नव्या बुटांसकट रुतलेला. भोवती मंडळी, नाकाला रुमाल लावून. ताई मागून ताट घेऊन आली ती रडायच्या बेतात.

"गाड्या फिरवा!" वडील कडाडले.

"गप रं!" नवरदेवाची आजी काठी टेकत पुढं झाली. "पोरगी पसंत हाय. शेणाला भिऊन माघारी जायचं व्हय? चला, साखरपुडा उरका."

ताईचा जीव भांड्यात पडला. मीही सुटलो म्हणून हळूच मागं सरकलो, तर आजीनं काठी माझ्याकडं रोखली.

"ह्यो कोन?"

"मुलीचा मामा," मी वाकून नमस्कार केला.

आजीनं मला खालपासून वरपर्यंत निरखलं आणि ताईकडं वळली.

"लग्नात नवरीला बोहल्यावर आनायला दुसरा मामा बघा बाई. ह्यो तिला नेऊन गोठ्यात उभी करंल!"